मिल बंद पडल्या, मग नागपूर रिकामं का झालं नाही?

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत मिशिगन राज्यात राहते. तिच्याकडे गेलो असताना तिनं डेट्रॉइटमधले ओसाड मोहल्ले गाडीतून दाखवले. खिडक्यांना फळ्या ठोकलेली घरं, गवत वाढलेले भूखंड. तिकडे म्हणे जुन्या कारखानदारीच्या थंड शहरांतून लोक उठले आणि फिनिक्स, ह्यूस्टन अशा गरम हवेच्या शहरांत जाऊन राहिले. मी पडलो नागपूरचा. आमची एम्प्रेस मिल बंद पडली, मॉडेल मिल बंद पडली, आणि ऊन तर इथं ४७ अंशांचं. मग नागपूर डेट्रॉइटसारखं रिकामं व्हायला हवं होतं, की फिनिक्ससारखं फुगायला? प्रत्यक्षात काय झालं?
— एक वाचक, रेशीमबाग, नागपूर

उत्तर : दोन्ही झालं नाही. १९८१ च्या शिरगणतीत नागपूर शहराची वस्ती सुमारे १२ लाख १९ हजार होती. टाटांनी एम्प्रेस मिलमधून अंग काढून घेतलं ते १९८६ मध्ये. त्यानंतरच्या १९९१ च्या मोजणीत शहर सव्वासोळा लाखांवर गेलेलं दिसतं, २००१ मध्ये साडेवीस लाखांवर आणि २०११ मध्ये २४ लाखांवर. मिलचा भोंगा थांबला, शहर वाढतच राहिलं. मात्र वाढीचा वेग उतरत गेला. ऐंशीच्या दशकात ३३ टक्के, नव्वदच्या दशकात २६ टक्के आणि २००१ ते २०११ मध्ये १७ टक्के. तुमच्या प्रश्नाचं थोडं उत्तर या आकड्यांत आहे आणि बरंचसं हे आकडे जे सांगत नाहीत त्यात आहे, म्हणून जरा विस्तारानं लिहितो.

आधी मुलीनं दाखवलं ते डेट्रॉइट. १९५० मध्ये तिथं साडेअठरा लाख माणसं राहत होती, २०२० मध्ये राहिली ६ लाख ३९ हजार. क्लीव्हलंड सव्वानऊ लाखांच्या आसपास होतं, ते पावणेचार लाखांच्याही खाली आलं. सेंट लुईस साडेआठ लाखांवरून तीन लाखांवर आलं. त्याच सत्तर वर्षांत फिनिक्स १ लाख ७ हजारांवरून १६ लाखांवर गेलं आणि ह्यूस्टन सहा लाखांवरून २३ लाखांवर. हे आकडे खरे आहेत, पण ते महापालिकेच्या हद्दीतले आहेत, हे विसरून चालत नाही. डेट्रॉइट आणि त्याच्या भोवतालची उपनगरं एकत्र धरली, तर १९७० च्या सुमाराला तिथं चाळीस-पंचेचाळीस लाख लोक होते आणि आजही जवळपास तेवढेच आहेत. गोरा मध्यमवर्ग हद्दीच्या पलीकडे राहायला गेला. कृष्णवर्णीय कामगारांना त्या उपनगरांत घर घ्यायचं म्हटलं तर बँका कर्ज देत नसत, म्हणून ते शहरातच राहिले. मोटार कारखाने आक्रसत गेले, कर भरणारे कमी झाले, रस्त्यावरचे दिवेसुद्धा परवडेनात आणि २०१३ मध्ये शहरानं दिवाळं जाहीर केलं. तुम्ही पाहिलेली फळ्या ठोकलेली घरं ही या सगळ्याची उरलेली खूण. फिनिक्सचं उलट. १९५० मध्ये त्या शहराचं क्षेत्रफळ होतं जेमतेम ४४ चौरस किलोमीटर, आज आहे १३०० च्या वर. आजूबाजूची जमीन हद्दीत घेत घेत ते वाढलं. त्या मानानं नागपूर महापालिकेची हद्द सव्वादोनशे चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. वस्ती कमी झाली की वाढली हे सांगताना रेघ कुठं मारली आहे ते आधी बघावं लागतं.

दुसरी गोष्ट ‘गरम हवे’ची. अमेरिकेत लोक उन्हाच्या ओढीनं गेले नाहीत, ते बर्फापासून पळाले. पहाटे उठून फावड्यानं अंगणातला बर्फ उपसायचा कंटाळा आलेल्या निवृत्त माणसाला ॲरिझोनातला डिसेंबर हवा होता. जूनचं काय करायचं हा प्रश्न एसीनं सोडवला. त्याखेरीज दुसऱ्या महायुद्धात दक्षिणेकडे विमानतळ आणि विमानांचे कारखाने उभे राहिले, जमीन स्वस्त होती, युनियन कमजोर होत्या, पुढे मोठे महामार्ग आले. कारखानदाराला हे सगळं हवंच होतं. आपल्याकडे असं ‘थंडीकडून उन्हाकडे’ जाणं संभवतच नाही, कारण बर्फ कुठं आहे? उलट महाराष्ट्रातला नोकरदार तरुण आज ज्या पुण्याकडे धावतो, ते नागपूरपेक्षा सौम्य हवेचं आहे. पण हवा हे कारण तिथंही नाही. सुरत पुण्याइतकं सुखाचं नाही, घामानं माणूस बेजार होतो, तरी ते झपाट्यानं वाढलं. अहमदाबाद तर नागपूरचं थोरलं भावंडच म्हणा. तसंच रणरणतं ऊन आणि तशाच कापडगिरण्या, ऐंशी-नव्वदच्या दशकांत एकामागून एक बंद पडलेल्या. तेही रिकामं झालं नाही.

म्हणजे प्रश्न उरतो तो मिलचा. मिल हाच ज्या शहराचा जीव होता, ते मिल गेल्यावर जगलं कसं?

त्यासाठी मुळात मिल इथं आली कशी ते पाहावं लागतं. जमशेटजी टाटांनी १८७४ मध्ये कंपनी काढली आणि गिरणी मुंबईत न काढता नागपूरला काढली, तेव्हा मुंबईच्या शेठ मंडळींना ते वेडेपण वाटलं होतं. जुम्मा तलावालगतची दलदलीची जागा त्यांनी भराव टाकून उभी केली. एका सावकारानं, हा माणूस सोनं मातीत घालतो आहे, असं म्हणून कर्ज नाकारलं आणि पुढे आपलंच चुकलं असं कबूल केलं, ही गोष्ट टाटांच्या चरित्रांत आलेली आहे. जमशेटजींचा हिशेब साधा होता. कापूस वऱ्हाडात आणि वर्ध्याच्या खोऱ्यात पिकतो, कोळसा वरोऱ्याला निघतो, रेल्वे १८६७ मध्येच नागपूरला पोचली आहे आणि विणकर तर शहरात पिढ्यान्‌पिढ्यांचे आहेत. मग कापूस मुंबईला नेऊन सूत परत इथं का आणायचं? १ जानेवारी १८७७ ला, व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं त्याच दिवशी, मिल सुरू झाली आणि म्हणून तिचं नाव एम्प्रेस. सुरुवात साडेचारशे मागांवर झाली. कारभार पाहायला आणले बेझनजी दादाभाई मेहता, जे त्याआधी जीआयपी रेल्वेच्या मालविभागात होते. कापड गिरणीचा अनुभव शून्य, पण माणूस हुशार. इंदोऱ्याजवळचं बेझनबाग त्यांच्याच नावाचं.

तुमच्या प्रश्नात ऊन आलं आहे, म्हणून या मिलमधली एक गोष्ट जवळून सांगतो. सुताला कोरडी हवा सोसत नाही. हवेत ओल नसली की धागा ठिसूळ होतो, चात्यावर तुटतो आणि तुटलेला प्रत्येक धागा हातानं जोडावा लागतो. मुंबईच्या गिरण्यांना समुद्राची दमट हवा फुकट मिळत होती. नागपूरच्या एप्रिल-मेमध्ये हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात. एम्प्रेस मिलनं त्या काळात खात्यांमध्ये हवा ओली ठेवणारी यंत्रं बसवली. आग विझवणारे पाण्याचे फवारेही लावले. हिंदुस्थानातल्या गिरण्यांमध्ये या दोन्ही गोष्टी पहिल्यांदा आल्या त्या इथं. विलिस कॅरियरनं न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यासाठी १९०२ मध्ये आपलं पहिलं यंत्र आखलं, तेही माणसांच्या सुखासाठी नव्हतं. दमट हवेत कागद फुगू नये म्हणून होतं. ज्या यंत्रांनी पुढे फिनिक्स राहण्याजोगं केलं त्यांचा जन्म कारखान्यात, मालासाठी झाला. नागपूरच्या मिलनं तो प्रश्न आपल्या परीनं त्याच्याही आधी सोडवला होता, याचा मला अभिमान वाटतो.

माणसांसाठीही काही झालं. १८८६ मध्ये पेन्शन फंड, १८९५ मध्ये अपघाताची भरपाई. सरकारी कायदे यायला तेव्हा बराच अवकाश होता. मिलमध्ये कोष्टी आले, महार आले, छत्तीसगडकडची माणसं आली. दोन-तीन पिढ्या त्या भोंग्यावर उठल्या आणि निजल्या. रामभाऊ रुईकरांसारखे पुढारी इथल्याच मिल मजुरांच्या संपांतून पुढे आले आणि आंबेडकरी चळवळीला नागपुरात जे बळ मिळालं त्यात या मजुरांच्या वस्त्यांचा वाटा मोठा.

आता मिल गेल्यावर शहर जगलं कसं, त्याकडे येतो. नागपूर कधीच नुसतं मिलचं गाव नव्हतं. ते १८६१ पासून मध्य प्रांताची राजधानी होतं. मुंबई आणि कलकत्त्याला जोडणारी, दिल्ली आणि मद्रासला जोडणारी रेल्वे इथं एकमेकींना छेदते. आसपास कोळसा आहे, मँगनीज आहे, संत्री आहेत. १९५६ मध्ये राजधानी गेली. सचिवालय, हायकोर्टातली माणसं, बाबू लोक भोपाळला, जबलपूरला आणि मुंबईला हलले. हा धक्का मिल बंद पडण्यापेक्षा लहान नव्हता. तरी १९५१ मध्ये साडेचार लाखांच्या जवळ असलेलं शहर १९६१ मध्ये साडेसहा लाखांच्या जवळ पोचलं. कारण विदर्भाला आणि शेजारच्या छिंदवाडा, शिवनी, बालाघाटला दुसरं मोठं शहरच नाही. आजारी माणूस मेडिकलला आणायचा तर नागपूर, पोराला इंजिनीअर करायचं तर नागपूर, खटला वर न्यायचा तर नागपूर, लग्नाचा बस्ता बांधायचा तर इतवारी. मेडिकल कॉलेज १९४७ पासून, आताचं व्हीएनआयटी १९६० पासून, वेस्टर्न कोलफील्ड्सचं मुख्यालय सत्तरच्या दशकापासून. पुढे हिंगण्याची एमआयडीसी, बुटीबोरीची एमआयडीसी, नव्या शतकात मिहान, आयआयएम, एम्स, २०१९ मध्ये मेट्रो, २०२२ च्या डिसेंबरात शिर्डीपर्यंतचा समृद्धी महामार्ग. डेट्रॉइट मोटारीवर उभं होतं, मोटार डगमगली तशी सगळी इमारत हलली. नागपूरची रोजीरोटी इतक्या ठिकाणी वाटलेली होती की एक मिल गेल्यानं आकडा खाली आला नाही.

पण इथंच मला थांबून एक गोष्ट स्पष्ट म्हणायची आहे. आकडा वाढला म्हणजे मिलमधला माणूस सावरला, असं अजिबात नाही. टाटांनंतर राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळानं एम्प्रेस मिल काही वर्षं कशीबशी चालवली आणि २००० नंतर लवकरच तीही बंद झाली. जुनी यंत्रं, भिवंडी-मालेगाव-इचलकरंजीच्या पॉवरलूमचं स्वस्त कापड, टेरिकॉटचं वेड आणि नव्या मागांसाठी पैसा न घालण्याचा मालकांचा निर्णय, अशा सगळ्यांनी मिळून मिल संपवली. घामाच्या देण्यासाठी कामगारांची भांडणं कोर्टात वर्षानुवर्षं चालली. मिलच्या जागेवर आज एम्प्रेस सिटी नावाची इमारतींची वस्ती आणि मॉल आहे. बुटीबोरीच्या कारखान्यात चाळिशीतल्या विणकराला कोण घेणार होतं? तो हातगाडी ओढू लागला, रिक्षा चालवू लागला, चौकीदार झाला. गोळीबार चौक, तांडापेठ, पाचपावलीतल्या कोष्ट्यांच्या घरांतला हातमाग तर मिलच्याही आधीपासून दम तोडत होता. शिरगणतीत हा माणूस मोजला जातो तो ‘एक’ म्हणून, मिलमध्ये असतानाही आणि चौकीदार झाल्यावरही. डेट्रॉइटचं दुःख आकड्यात दिसतं, कारण तिथं घर सोडून जाणं शक्य होतं. नागपूरच्या मिल मजुराला जायला जागाच नव्हती, म्हणून त्याचं दुःख आकड्यात उतरलं नाही. लोकसंख्या टिकली याचं कौतुक करणाऱ्या लेखांत हा माणूस मला क्वचितच भेटतो.

दुसरीही एक किंमत आहे. ती नागपूरबाहेर मोजली गेली. २००१ ते २०११ या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या १६ टक्क्यांनी वाढली. नागपूर जिल्हा १४ टक्क्यांनी वाढला. शेजारचा वर्धा जिल्हा? जेमतेम ५ टक्के. भंडाराही ५-६ टक्के, चंद्रपूर ६. जन्म-मृत्यूचा हिशेब जोडला तर या जिल्ह्यांतून माणसं बाहेर जात आहेत, हे उघड आहे. पुलगावची कॉटन मिल गेली, बडनेऱ्याची विजय मिल गेली. कापूस अजून इथंच पिकतो, पण त्याचं सूत बरंचसं गुजरातेत आणि तामिळनाडूत निघतं. यवतमाळ-वर्ध्यातली पोरं नागपूरला येतात आणि नागपूरची पोरं पुण्याला जातात. पिंपरी-चिंचवड त्याच दहा वर्षांत १० लाखांवरून सव्वासतरा लाखांवर गेलं, म्हणजे ७० टक्के वाढ. दिवाळीच्या आधी पुण्याहून नागपूरकडे येणाऱ्या ट्रॅव्हल्सच्या तिकिटांचे भाव ज्यानं दिले आहेत, त्याला या वाढीत विदर्भाचा वाटा किती हे वेगळं सांगायला नको. फिनिक्स शोधायचंच असेल तर ते तुमच्या घरातल्या मुलांच्या हिंजवडीच्या पत्त्यात आहे.

खरोखरच घटलेलं कारखानदारीचं शहर पाहायचं असेल तर महाराष्ट्रातच पाहा, मुंबईत. कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंतचा मुंबई शहर जिल्हा २००१ मध्ये ३३ लाख ३८ हजारांचा होता, २०११ मध्ये ३० लाख ८५ हजारांचा झाला. दहा वर्षांत अडीच लाख माणसं कमी. लालबाग-परळचं गिरणगाव याच जिल्ह्यात आहे. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला तेव्हा त्यात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले होते. पुढे गिरण्यांच्या जागी टॉवर आले आणि चाळीतली माणसं डोंबिवली, बदलापूर, विरारला गेली. त्याच दहा वर्षांत तेव्हाचा ठाणे जिल्हा ३६ टक्क्यांनी वाढला. कोलकात्यातही तसंच, महापालिकेच्या हद्दीतली वस्ती २००१ ते २०११ मध्ये ४५ लाख ७३ हजारांवरून ४४ लाख ९७ हजारांवर आली. मुंबईची माणसं ठाण्याला गेली तशी डेट्रॉइटची उपनगरांत गेली होती. नागपुरातही महाल-इतवारीतली मुलं बेसा, पिपळा, वाडीकडे फ्लॅट घेत आहेत. यातली कितीतरी वस्ती महापालिकेच्या मोजणीत धरली जात नाही. म्हणून १७ टक्क्यांचा आकडा पाहून नागपूर थकलं असं मी लगेच म्हणणार नाही.

नागपूरची वस्ती मोजणीत खरोखर घटल्याचा एक दाखला मात्र आहे. १९०१ मध्ये १ लाख २७ हजारांच्या वर असलेलं शहर १९११ मध्ये लाखाच्या आसपास आलेलं दिसतं. मिल तेव्हा जोरात चालू होती. त्या दशकात प्लेग होता आणि साथ आली की लोक घराला कुलूप लावून रानात झोपड्या टाकून राहत. १९२१ मध्ये शहर पुन्हा १ लाख ४५ हजारांवर गेलं.

आता ऊन. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंशांची नोंद झाली. एवढ्या उन्हात शहर चालतं ते कूलरवर. तीन बाजूंना गवताच्या ताट्या, वरून पंप पाणी सोडतो, आतला पंखा त्या ओल्या ताट्यांमधून हवा ओढतो. पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता शोषली जाते आणि खोलीत गार वारा येतो. होळीच्या सुमाराला जुन्या ताट्या काढून नव्या बसवायच्या, खसच्या बसवल्या तर घरभर वास, हे नागपूरकराला शिकवावं लागत नाही. गंमत अशी की फिनिक्सनंही एसी येण्याआधी, १९३०-४० च्या दशकांत, हेच केलं होतं. लाकडाच्या बारीक कीसाच्या ताट्या आणि पंखा, घरोघरी. दोन्ही शहरं कोरडी, म्हणून दोन्हीकडे युक्ती चालली. मुंबईत हा कूलर निरुपयोगी. नागपुरातही मृगाचा पाऊस पडला की त्याची हवा अंगाला चिकटते. शिवाय कूलर विजेला एसीच्या तुलनेत फार स्वस्त, त्यामुळे तो कामगारवस्तीतही पोचला. उन्हानं शहर रिकामं न होण्यामागे या पत्र्याच्या डब्याचा वाटा आहे, हे मी अगदी मनापासून लिहितो.

पण कूलरला पाणी लागतं आणि खरी काळजी तिथं आहे. नागपूरची तहान भागते मुख्यतः पेंचच्या, तोतलाडोहच्या पाण्यावर आणि कन्हानवर. पेंचच्या वरच्या अंगाला मध्य प्रदेशात चौराईचं धरण झालं, पाऊस लांबला, आणि २०१९ च्या जुलैत शहरात एक दिवसाआड पाणी सोडायची वेळ आली. फिनिक्सवरही हीच वेळ आहे. ते शहर मुख्यतः सॉल्ट-व्हर्डी नद्यांच्या पाण्यावर आणि कोलोरॅडो नदीच्या कालव्यावर जगतं. २०२३ मध्ये तिथं सलग ३१ दिवस पारा ४३ अंशांच्या वर राहिला आणि त्याच वर्षी ॲरिझोना राज्यानं फिनिक्सच्या आसपास केवळ भूजलावर विसंबणाऱ्या नव्या वसाहतींना परवानगी देणं थांबवलं. बांधकाम मजूर, हातगाडीवाला, ट्रॅफिक पोलीस यांच्या घरी कूलर असला तरी त्यांचा दिवस रस्त्यावर जातो. २०१६ पासून नागपूरला उष्णतेचा कृती आराखडा आहे. दुपारची कामं थांबवणं, पाणपोया, दवाखान्यांत वेगळ्या खाटा, असं त्यात असतं. माझ्या मते शहर वाढेल की घटेल हे यापुढे कारखान्यांपेक्षा या दोन गोष्टींवर जास्त ठरेल : मे महिन्यात नळाला पाणी येतं का, आणि उन्हात राबणाऱ्या माणसाला दुपारी सावली मिळते का.

आणखी एक कारण हळूहळू पुढे येतं आहे. २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रात एका स्त्रीमागे सरासरी १.७ मुलं आढळली. लोकसंख्या टिकायला दोनच्या थोडी वर लागतात. म्हणजे उद्या नागपूर घटलं तर ते मिल बंद पडल्यामुळे नव्हे, घरात एकच मूल आणि तेही पुण्या-बंगळूरला, अशा रीतीनं घटेल. त्रिमूर्तीनगर-प्रतापनगरातल्या बंगल्यांत दोन म्हाताऱ्या माणसांमागे चार रिकाम्या खोल्या आजच दिसतात.

प्रश्न : आमच्या घरात जुने लोक सांगत, की कामठी एके काळी नागपूरच्या तोडीची होती आणि पुढे तिची वस्ती कमी झाली. हे खरं का?
— एक वाचक, कामठी

उत्तर : खरं आहे. वरच्या प्रश्नाला याहून जवळचा दाखला नाही. सीताबर्डीची लढाई १८१७ मध्ये झाली आणि भोसल्यांच्या राजधानीवर नजर ठेवायला इंग्रजांनी १८२१ मध्ये कन्हानच्या काठी छावणी वसवली. ती कामठी. पलटणीमागे व्यापारी आले, मारवाडी आले, बोहरी आले. उत्तरेकडच्या सडकेवरचा धान्य, कापड, मीठ, गुरं यांचा मोठा बाजार इथं भरू लागला. पण १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला आली आणि माल तिथं उतरू लागला. गुदामं हलली, दलाल हलले, आडते हलले. पुढे छावणीतली फौजही कमी केली. १८८१ नंतरच्या दोन शिरगणत्यांत कामठी आधीच्यापेक्षा लहान होत गेली. १९०१ मध्ये ती ३८,८८८ वर होती आणि नागपूर १ लाख २७ हजार ७३४ वर. दोन्ही गावांत अंतर दहा मैलांचं, ऊन एकच, नदीचं पाणीही त्याच खोऱ्यातलं. फरक पडला तो गाडी कुठं थांबते याचा.

कामठी संपली मात्र नाही. विणकाम राहिलं, विडी राहिली, छावणी राहिली आणि २०११ मध्ये गावाची वस्ती ८६ हजारांच्या पुढे होती. मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्याला २०२२ च्या डिसेंबरात केंद्रानं मंजुरी दिली. त्यातली एक मार्गिका ऑटोमोटिव्ह चौकातून निघून कामठीवरून कन्हान नदीपर्यंत जाते. व्यापार घेऊन गेलेलं स्टेशन आता रूळ घालत तुमच्याकडे येतं आहे. जुने आकडे स्वतः पाहायचे असतील तर रसेल यांनी संपादित केलेलं नागपूर जिल्ह्याचं १९०८ चं गॅझेटियर मोठ्या ग्रंथालयात मागा. नव्या आकड्यांसाठी २०२७ ची शिरगणती जाहीर झालेली आहे. तिचे तक्ते आले की शहराची एकूण बेरीज पाहून थांबू नका. गणेशपेठ, गोळीबार चौक, इंदोरा, बेसा आणि कामठी यांचे प्रभागवार आकडे वेगवेगळे काढून शेजारी शेजारी मांडा.